सर्व्हर कक्षातील यंत्रसामग्री व वातावरण यांच्या देखरेखीसाठी साधनांची निवड : लोणी देवकर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे जाताना लोणी देवकर लागते. येथील औद्योगिक वसाहत, जवळच पसरलेला उजनीचा जलाशय आणि सभोवतालची उसाची शेती अशी या परिसराची ओळख आहे. डेटा सेंटर म्हटले की मात्र डोळ्यांपुढे नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे येथील भव्य इमारती येतात, किंवा पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक व भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था येथील महासंगणक आठवतात. अशा ठिकाणी देखरेखीसाठी स्वतंत्र कर्मचारी चोवीस तास पाळीने बसलेले असतात. परंतु कारखान्याच्या हजेरीची व पगाराची, दूध संस्थेच्या संकलनाची, पतसंस्थेच्या ठेवींची आणि महाविद्यालयाच्या प्रवेश-परीक्षांची माहिती प्रत्यक्षात जेथे साठते, ती जागा ग्रामीण भागात बहुधा दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली असते. तीत एक-दोन रॅक, एक यूपीएस, भिंतीवर एक वातानुकूलन यंत्र आणि दाराला कुलूप. रात्री व सुट्टीच्या दिवशी तेथे कोणीही नसते.

प्रस्तुत लेखात अशा लहान सर्व्हर कक्षासाठी देखरेखीची साधने कशी निवडावीत याचे विवेचन केले आहे. या विषयावरील बहुतेक माहितीपत्रके साधनांच्या सोयींची यादी देतात. तथापि ज्या बिघाडाची खबर साधनाने द्यावयाची, त्या बिघाडात ते साधन स्वतः चालू राहील काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. घराला आग लागल्यावर त्याच घरात कोंडला जाणारा पहारेकरी कितीही हुशार असला तरी निरुपयोगीच ठरतो.

बिघाडाचे स्वरूप

इंदापूर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारनंतर वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला की फीडर बंद पडणे नेहमीचेच असते. या वेळी सर्व्हर कक्षात काय घडते, हे क्रमाने पाहणे उद्बोधक आहे. वीज जाते, यूपीएस सर्व्हरला वीज पुरवीत राहतो, परंतु वातानुकूलन यंत्र सहसा यूपीएसवर जोडलेले नसते, ते थांबते. म्हणजे उष्णता निर्माण करणारी यंत्रे चालू आणि उष्णता बाहेर टाकणारे यंत्र बंद, अशी विपरीत स्थिती उद्भवते. पुढे वीज परत येते, पण वातानुकूलन यंत्रात आपोआप पुन्हा चालू होण्याची सोय नसेल तर ते तसेच बंद राहते. शनिवारी सायंकाळी घडलेली ही घटना सोमवारी सकाळी कुलूप उघडेपर्यंत कोणाला कळत नाही.

याचा एक साधा हिशेब मांडता येतो. दहा बाय बारा फुटांच्या व दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर, म्हणजे अंदाजे ४० किलो हवा असते. सर्व्हर, स्विच व यूपीएस मिळून ३ किलोवॉट वीज वापरत असतील तर ती जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होते. केवळ हवेचाच विचार केला तर तापमान दर चौदा सेकंदांना एक अंशाने वाढेल. भिंती, फरशी व लोखंडी रॅक बरीच उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेग याहून कितीतरी कमी असतो. तरीही हाती असलेला वेळ मिनिटांत मोजावा लागतो, तासांत नव्हे. दर पंधरा मिनिटांनी एकदा तापमान वाचणारे साधन त्यामुळे येथे उपयोगाचे नाही. वाचन दर मिनिटाला व्हावे, आणि तापमान किती आहे याबरोबरच ते किती वेगाने चढते आहे याचीही सूचना मिळावी.

ही समस्या लहान गावांपुरती मर्यादित आहे असेही नाही. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये प्रथमच चाळीस अंशांवर तापमान नोंदले गेले. त्या दिवशी लंडनच्या गायज अँड सेंट थॉमस या रुग्णालय समूहाची दोन्ही डेटा सेंटर उष्णतेमुळे कोलमडली आणि डॉक्टरांना पुढे कित्येक दिवस कागदी नोंदींवर काम करावे लागले. दोन केंद्रे असूनही दोन्हींना एकाच उन्हाचा तडाखा बसला, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी बाब होय. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. देखरेख कितीही उत्तम असली तरी ती दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा सकाळी खंडित होऊन लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. वीज जाणारच नाही असे गृहीत धरून कोणत्याही कक्षाचे नियोजन करता येत नाही.

तापमान : किती आणि कोठे मोजावे

वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲश्रे या अमेरिकी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे जगभर प्रमाण मानली जातात. २००४ साली त्यांत २० ते २५ अंश सेल्सिअस ही शिफारस होती; २००८ मध्ये ती १८ ते २७ अंश अशी रुंद करण्यात आली. सर्वसाधारण सर्व्हरच्या वर्गानुसार काही काळासाठी ३२ किंवा ३५ अंशांपर्यंतचे तापमान चालू शकते. सर्व्हर कक्ष म्हणजे हुडहुडी भरेल इतका थंड असलाच पाहिजे, ही आपल्याकडची समजूत वीजबिल वाढविण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

तापमानाचे हे आकडे खोलीच्या मध्यभागाचे नसून सर्व्हर ज्या बाजूने हवा आत ओढतो त्या तोंडाशी मोजावयाचे आहेत. अनेक ठिकाणी सेन्सर वातानुकूलन यंत्राच्या अगदी समोर भिंतीवर टांगलेला आढळतो. तो सदैव २२ अंश दाखवितो आणि रॅकच्या वरच्या सर्व्हरला मागच्या बाजूची गरम हवा वळसा घालून पुन्हा मिळत असते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. रॅकच्या पुढील दारावर खाली, मध्ये व वर असे तीन सेन्सर लावावेत; एकच परवडत असेल तर तो वर लावावा. यूपीएसच्या बॅटऱ्यांपाशी आणखी एक हवा. सर्रास वापरल्या जाणाऱ्या शिसे-आम्ल प्रकारच्या बंद बॅटऱ्यांचे आयुर्मान पंचवीस अंशांवर गृहीत धरलेले असते आणि त्यापुढील प्रत्येक दहा अंशांना ते साधारणपणे निम्मे होते. कक्षात थंडावा व बॅटऱ्या मात्र बाहेरच्या पत्र्याच्या पडवीत, अशी व्यवस्था असेल तर पाच वर्षांची बॅटरी अडीच वर्षांतच मान टाकते.

आर्द्रता : सापेक्ष आकड्याचा चकवा

आर्द्रतेच्या बाबतीत नवख्यांची सर्वाधिक फसगत होते. सापेक्ष आर्द्रता हा आकडा तापमानानुसार बदलतो. हवेत पाण्याची वाफ तेवढीच असली तरी हवा थंड केली की तो चढतो. मे महिन्यातील दुपारी बाहेर ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असेल तर हवा अगदी कोरडी भासते. तीच हवा आत येऊन २४ अंशांवर आली की आर्द्रता सुमारे ५० टक्के होते. दोन्ही वेळी बाष्प तेवढेच असते. म्हणून हवेतील खरे बाष्प सांगणारा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतून पाणी सुटू लागते ते तापमान, पाहणे अधिक योग्य ठरते. उपरोक्त उदाहरणात दवबिंदू १३ अंशांच्या आसपास आहे आणि ॲश्रेची १५ अंशांची वरची मर्यादा तो ओलांडत नाही.

पावसाळ्यात चित्र पालटते. बाहेर २६ अंश व ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २२ अंशांवर जातो. अशा सायंकाळी कक्षाचे दार बराच वेळ उघडे राहिले तर आतील थंड लोखंडी पृष्ठभागांवर पाण्याचे थेंब जमू शकतात. नवी मुंबईच्या किनारी हवेत हा धोका लोणी देवकरपेक्षा बराच अधिक, कारण ३० अंश व ८५ टक्के आर्द्रतेला तेथे दवबिंदू २७ पर्यंत पोचतो. तेथील डेटा सेंटरसाठी तयार केलेले धोक्याचे आकडे येथे जसेच्या तसे उचलू नयेत, ते यामुळेच. येथे हिवाळ्याच्या रात्री उलट अडचण असते. बाहेरची १२ अंशांची हवा आत २४ अंशांवर आली की तिची सापेक्ष आर्द्रता बरीच खाली उतरते आणि अंगावरील स्थिर विजेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. निवडलेले साधन तापमान व सापेक्ष आर्द्रता यांवरून दवबिंदू स्वतः काढून देते काय, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे.

पाण्याबाबत आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. वातानुकूलन यंत्रातून निघणारे पाणी वाहून नेणारी नळी धूळ व शेवाळाने तुंबते आणि पाणी आत, अनेकदा नेमके रॅकवर, ठिबकते. जमिनीवर अंथरावयाचा दोरीसारखा ओल-दर्शक सेन्सर अल्प किमतीत मिळतो आणि तो लावलेला क्वचितच दिसतो.

हवेतील वायू

धुळीची चिंता सर्वजण करतात, वायूंची करीत नाहीत. २००६ पासून युरोपीय नियमांमुळे विद्युत मंडलांतून शिसे हद्दपार झाले आणि काही मंडलांवर चांदीचा पातळ मुलामा आला. चांदी व तांबे गंधकयुक्त वायूंनी झिजतात. सेंद्रिय सांडपाणी, आसवनीतील सांडपाणी, शेणखताचे ढीग यांच्या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. साखर, दूध व कागद हे उद्योग असलेल्या पट्ट्यात हा वायू कक्षात असेलच असे गृहीत धरू नये, तसेच नसेलच असेही धरू नये. मोजण्याची रीत स्वस्त आहे : तांब्याची व चांदीची स्वच्छ पट्टी कक्षात महिनाभर ठेवून प्रयोगशाळेत तिच्यावरील थर मोजावयाचा. तांब्यावर महिन्याला ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर समाधानकारक समजला जातो. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. गळीत हंगामात एकदा व पावसाळ्यात एकदा अशी तपासणी पुरेशी आहे. त्यासाठी महागडे सतत मोजणारे यंत्र घेण्याची आवश्यकता नाही.

यंत्रांची स्वतःची खबर

सर्व्हरच्या अंतर्भागात पंखे, वीजपुरवठा घटक व प्रक्रियक यांचे सेन्सर मुळातच असतात. मूळ संगणक बंद असला तरी वेगळ्या लहान चिपद्वारे ही माहिती देणारी आयपीएमआय ही पद्धती १९९८ मध्ये आली. तिची उत्तराधिकारी असलेली रेडफिश २०१५ पासून उपलब्ध आहे. स्विच व यूपीएस १९८८ पासून रूढ असलेल्या एसएनएमपी या भाषेत बोलतात, तर जनरेटर व वीजमापक बहुधा मॉडबस या १९७९ च्या, कारखान्यांत जन्मलेल्या भाषेत. औद्योगिक वसाहतीतील विद्युत विभागाच्या लोकांना मॉडबस चांगले अवगत असते व संगणक विभागाला एसएनएमपी. दोघे एकमेकांशी क्वचित बोलतात. निवडलेले साधन या सर्व भाषा जाणणारे असावे.

येथे सुरक्षेचा इशारा आवश्यक आहे. आयपीएमआयच्या २.० या आवृत्तीत एक मूलभूत दोष असून, प्रवेशापूर्वीच परवलीच्या शब्दाचा सांकेतिक ठसा विचारणाऱ्याच्या हाती पडतो. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो आणि तो बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असतो. देखरेखीचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे, एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरावी आणि आयपीएमआय इंटरनेटवर कदापि उघडे ठेवू नये.

हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्मार्ट या सोयीद्वारे ठेवते. तिच्यावर किती विसंबावे, याचे उत्तर गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासातून दिले. नादुरुस्त झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदींत, तापमान वगळता, कसलेही पूर्वलक्षण दिसले नव्हते. लक्षण दिसले तर डिस्क तत्काळ बदलावी; न दिसले तर निर्धास्त राहू नये, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ.

सॉफ्टवेअरची निवड

मोफत उपलब्ध असलेली मुक्त सॉफ्टवेअर लहान कक्षासाठी पुरेशी आहेत. १९९९ पासूनचे नॅगिओस 'ठीक आहे की नाही' या प्रश्नाचे उत्तर चोख देते, आलेख मात्र त्याला जोडावे लागतात. २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले झॅबिक्स सूचना, आलेख व साठवण एकत्र देते आणि वरील बहुतेक भाषा जाणते. प्रोमिथियस व ग्राफाना ही जोडी सध्या लोकप्रिय आहे. ती हजारो बदलत्या संगणकांसाठी घडविलेली असून प्रोमिथियस नोंदी मुळात पंधरा दिवसच जपते. मागील उन्हाळ्याशी या उन्हाळ्याची तुलना करावयाची असेल तर ही मुदत आधी वाढवून घ्यावी लागते. शेकडो रॅकसाठी तयार केलेली महागडी संपूर्ण व्यवस्थापन सॉफ्टवेअर दोन रॅकच्या कक्षात आणणे म्हणजे एका म्हशीसाठी दूध शीतकरण प्रकल्प उभारण्यासारखे आहे.

झॅबिक्ससारखे एक साधन या परिसरासाठी पुरेसे व योग्य वाटते. परंतु निर्णायक कसोटी तांत्रिक नाही. संस्थेतील दुसऱ्या एका व्यक्तीला ते चालविता आले पाहिजे. ग्रामीण संस्थांत संगणकाची सर्व जाण एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते, आणि त्याची बदली झाली किंवा त्याला पुण्यात नोकरी लागली की मोफत सॉफ्टवेअर सर्वांत महाग पडते.

सदर सॉफ्टवेअर देखरेखीखालील सर्व्हरवरच बसविणे ही सर्रास होणारी चूक होय. त्यासाठी स्वतंत्र, कमी विजेवर चालणारा छोटा संगणक व स्वतःची लहान बॅटरी असावी. वातानुकूलन यंत्राला येणारी वीज चालू आहे की नाही, याचाही सेन्सर त्याला जोडावा. पूर्वी वर्णिलेल्या घटनाक्रमात तापमान चढू लागण्यापूर्वीच खबर देणारा तोच एक असतो. घड्याळेही जुळलेली हवीत. भारताच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर व शासकीय संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जोडणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

खबर कोणाला आणि कोणत्या वाटेने

ई-मेलने सूचना देणारी व्यवस्था कक्षातील इंटरनेट राउटर बंद पडताच मुकी होते. म्हणून सिमकार्ड असलेल्या मोडेमद्वारे लघुसंदेश किंवा प्रत्यक्ष फोन लावण्याची सोय ही चैन नसून गरज आहे. दीर्घकाळ वीज नसल्यास मोबाइल मनोराही बंद पडू शकतो. यावर उपाय उलट्या दिशेचा आहे. कक्षाने दर पाच मिनिटांनी दूरच्या एखाद्या संगणकाला 'सर्व ठीक' असा संदेश पाठवावा आणि तो न आल्यास त्या दूरच्या संगणकाने ओरड करावी. मौन हीच खबर समजावी.

सूचनांची संख्या अल्प ठेवावी. रोज चाळीस संदेश येऊ लागले की ते वाचणे बंद होते, आणि एकेचाळिसावा खरा असतो. प्रवेशाची हवा २७ अंशांवर गेल्यास नोंद, ३० वर एका व्यक्तीला संदेश, ३२ वर दोघांना फोन, आणि ३५ वर माणसाची वाट न पाहता कमी महत्त्वाचे सर्व्हर क्रमाने आपोआप बंद, अशी उतरंड व्यवहारी ठरते. यूपीएसची बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर नीट बंद करण्याचे काम नट या मुक्त सॉफ्टवेअरकडून करून घेता येते. यादीतील पहिली व्यक्ती कक्षापासून किती अंतरावर राहते, हेही विचारात घ्यावे. पुण्यात राहणाऱ्या तज्ज्ञापेक्षा लोणी देवकर किंवा पळसदेव येथे राहणारा, किल्ली जवळ असलेला शिपाई किंवा वीजतंत्री अधिक उपयोगाचा. त्याला दोनच कामे लिहून द्यावीत : वातानुकूलन चालू करणे, ते जमले नाही तर दार उघडून पंखा लावणे.

सेन्सरची पडताळणी

बारामती परिसरात २०२४ पासून उसाच्या शेतात हवामान केंद्रे व मातीतील सेन्सर बसवून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पाणी व खत देण्याचे प्रयोग चालू आहेत. सेन्सर ही वस्तू त्यामुळे येथील शेतकऱ्यालाही नवी राहिलेली नाही, आणि चुकीचा सेन्सर पिकाला किती महाग पडतो हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. सर्व्हर कक्षात मात्र एकदा बसविलेला सेन्सर पुन्हा तपासला जात नाही. डीएस१८बी२० हा स्वस्त तापमान सेन्सर अर्ध्या अंशाच्या अचूकतेचा असल्याने कामास पुरतो; विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दिसणारा डीएचटी११ दोन अंशांपर्यंत चुकू शकतो, तो टाळावा.

पडताळणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होते. वितळणाऱ्या बर्फाच्या चुऱ्यात जलरोधक तापमान सेन्सरने शून्य दाखवावे. बंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवून काही तास थांबल्यास आतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. लगद्यावर अधांतरी ठेवलेल्या आर्द्रता सेन्सरने तेवढेच दाखवावे. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, हे करावे. त्यानंतर एखाद्या रविवारी दुपारी, संबंधितांना न कळविता, वातानुकूलन यंत्राचे बटण दहा मिनिटे बंद करावे आणि कक्षातच उभे राहून पहिला फोन कितव्या मिनिटाला वाजतो, तो कोण उचलतो आणि दाराशी किती वेळात पोचतो, याची वहीत नोंद करावी.